डेबियन रेपोसाठी डिपेंडन्सी आणि प्रायॉरिटीची आपोआप तपासणी: नेमकं काय तपासावं?

कृष्णाकाठ — शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यातल्या काही शाळांच्या संगणक कक्षांत डेबियन १२ (लिनक्सवरची मुक्त प्रणाली) चालतं. देखभाल मी आणि आणखी दोन शिक्षक मिळून करतो. शाळांमध्ये इंटरनेट जेमतेम असतं, म्हणून रेप्रेप्रो हे साधन वापरून एक स्थानिक रेपो, म्हणजे पॅकेजांचा साठा, बनवला आहे. डेबियनमधली निवडक पॅकेजं त्यात आहेत, शिवाय आम्ही बांधलेली थोडी: 'शाळा-मूळ' नावाचं मेटापॅकेज (स्वतः रिकामं, फक्त इतर पॅकेजं ओढून आणणारं), इनस्क्रिप्ट कीबोर्डची मांडणी लावून देणारं एक, आणि रात्री यंत्रांच्या नोंदी गोळा करणारं एक. हा रेपो डिस्कवर घालून शाळेत नेतो आणि तिथली यंत्रं फक्त त्याच्यावरच अपडेट होतात.

म्हणजे रेपोत एखादं पॅकेज राहून गेलं तर ते कळतं थेट शाळेत, जिथून ते उतरवून घ्यायची सोय नाही. हे टाळायचं आहे. डिस्क भरण्याआधीच यंत्राने सांगावं की अमुक अडणार आहे.

एका परिचितांकडून एक जुनी पर्ल स्क्रिप्ट मिळाली आहे. ती रेपोची 'पॅकेजेस' फाइल (सगळ्या पॅकेजांची सूची) वाचते आणि दोन गोष्टी बघते. एक, प्रत्येक पॅकेजच्या डिपेंड्समधलं (त्याला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीतलं) नाव रेपोत आहे का. दोन, कुठलं पॅकेज स्वतःपेक्षा खालच्या प्रायॉरिटीच्या (पॅकेज किती पायाभूत ते सांगणाऱ्या पातळीच्या) पॅकेजवर अवलंबून आहे का. पहिलीचा निकाल स्वच्छ येतो. दुसरीची यादी मात्र पानंच्या पानं. उदाहरणार्थ डीपीकेजी (पॅकेजं प्रत्यक्ष बसवणारं साधन) 'रिक्वायर्ड' आहे आणि ते लिबसी६ वर (जवळजवळ सगळे प्रोग्राम वापरतात त्या लायब्ररीवर) अवलंबून आहे, जे 'ऑप्शनल' आहे. यंत्राच्या मुळाशी असलेली गोष्ट ऐच्छिक कशी?

माझे प्रश्न:
ही यादी गंभीरपणे घ्यावी का? आमच्या पॅकेजांना 'इम्पॉर्टंट' प्रायॉरिटी दिली तर ती प्रत्येक यंत्रावर हमखास बसतील, तसं करावं का? आणि ही स्क्रिप्ट पुरेशी आहे, की याहून चांगलं काही आहे?

---

अनुस्वार — शनिवार, रात्री ११:१५

कृष्णाकाठ, काम फार मोलाचं करताय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: ती दुसरी यादी बाजूला ठेवा. स्क्रिप्ट चुकत नाहीये, पण ती जो नियम तपासते तो नियमच आता उरलेला नाही.

डेबियन पॉलिसीत (पॅकेजांच्या नियमावलीत) आधी स्पष्ट अट होती की पॅकेजने आपल्यापेक्षा खालच्या प्रायॉरिटीवर अवलंबून राहू नये. प्रायॉरिटी पाच होत्या: रिक्वायर्ड, इम्पॉर्टंट, स्टँडर्ड, ऑप्शनल, एक्स्ट्रा. अटीमागचा विचार चांगला होता. तुम्ही 'इम्पॉर्टंट आणि वरचं सगळं' उचललंत तर तो संच स्वयंपूर्ण असावा, खालच्या कप्प्यातून काही ओढून आणावं लागू नये. पहिल्या सीडीवर काय ठेवायचं हे ठरवायला, किंवा फारसं डोकं न चालवणाऱ्या इन्स्टॉलरला, हे सोयीचं पडायचं. डेबियनच्या क्यूए (गुणवत्ता तपासणीच्या) पानांवर रोज अशी तपासणी चालायची आणि उल्लंघनांची यादी लागायची. तुमची स्क्रिप्ट त्याच काळातली दिसते.

अडचण लायब्ररींनी केली. समजा एखादं इम्पॉर्टंट पॅकेज लिबअमुक१ वापरतं. नियमाप्रमाणे लिबअमुक१ लाही इम्पॉर्टंट करावं लागलं. दोन वर्षांनी लायब्ररीची एबीआय (प्रोग्रामशी जुळण्याची रचना) बदलली, लिबअमुक२ आली. आता नव्या लायब्ररीला वर चढवा, जुनीला खाली उतरवा. आणि हे पॅकेज करणाऱ्याच्या हातात नसतं. आर्काइव्हमधली (डेबियनच्या मुख्य साठ्यातली) खरी प्रायॉरिटी तो साठा सांभाळणाऱ्या एफटीपी-मास्टर मंडळींच्या 'ओव्हरराइड' फाइलीत असते, पॅकेजमध्ये लिहिलेली ही केवळ सूचना. तिथे बदल व्हायचा राहिला की कुणालाही नको असलेली जुनी लायब्ररी प्रत्येक नव्या यंत्रावर बसत राहायची, कारण ती कागदोपत्री 'इम्पॉर्टंट'.

ऑगस्ट २०१७ मध्ये पॉलिसी ४.०.१ आली आणि ही अट गेली. आता प्रायॉरिटी फक्त एवढंच सांगते: किमान किंवा सर्वसाधारण इन्स्टॉलेशनमध्ये हे पॅकेज *स्वतःच्या गुणावर* हवं आहे का. लायब्ररी कुणी स्वतःहून मागत नाही, म्हणून जवळजवळ सगळ्या लायब्ररी ऑप्शनल. लिबसी६ ऑप्शनल असलं तरी डीपीकेजीच्या प्री-डिपेंड्समुळे (बसण्याआधीच हवं असलेल्यांच्या यादीमुळे) ते यंत्रावर असणारच. त्याच वेळी 'एक्स्ट्रा' हा प्रकारही मोडीत काढला, त्याला आता ऑप्शनलच समजतात. आज लिंटियन (पॅकेजांतल्या चुका शोधणारं साधन) उलट तक्रार करतं: लायब्ररीला वरची प्रायॉरिटी कशाला दिलीत?

एक अट मात्र अजून आहे. स्टँडर्ड किंवा त्यावरच्या दोन पॅकेजांचा आपसात कॉन्फ्लिक्ट (एकत्र बसू न शकणं) नसावा. ही तपासणी ठेवायची तर ठेवा.

---

प्रमेय — रविवार, सकाळी ८:०५

अनुस्वार यांनी दुसरी यादी सोडवली. मी पहिलीबद्दल बोलतो, कारण मला धोका तिथे दिसतो. "निकाल स्वच्छ येतो" यावर विसंबू नका.

नाव रेपोत असणं आणि पॅकेज बसवता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. समजा शाळा-मूळला 'गणितखेळ' आणि 'छपाई' दोन्ही हवीत. गणितखेळला ध्वनी-लायब्ररीची २ किंवा वरची आवृत्ती हवी. छपाई एका जुन्या साधनावर अवलंबून आहे आणि त्या साधनाने ध्वनी-लायब्ररी २ शी 'ब्रेक्स' (तिच्यासोबत चालणार नाही असं) जाहीर केलं आहे. सगळी नावं रेपोत आहेत, तुमची स्क्रिप्ट खूश. पण शाळा-मूळ कुठल्याही यंत्रावर कधीच बसणार नाही.

बरोबर प्रश्न असा विचारायचा: रेपोतल्या पॅकेजांचा असा एखादा संच आहे का, ज्यात हे पॅकेज आहे, संचातल्या प्रत्येकाच्या डिपेंडन्सी संचातच पुऱ्या होतात आणि कुणाचं कुणाशी भांडण नाही? मी वर्गात हे तर्कशास्त्राच्या भाषेत मांडतो. प्रत्येक पॅकेजची प्रत्येक आवृत्ती म्हणजे एक हो-नाही चल. 'अ ला ब किंवा क हवं' याचं विधान होतं: अ नाही, किंवा ब आहे, किंवा क आहे. 'अ चा ड शी कॉन्फ्लिक्ट' म्हणजे: अ नाही, किंवा ड नाही. अशी सगळी विधानं एकत्र खरी करणारी किंमत चलांना देता येते का? संगणकशास्त्रातला हा प्रसिद्ध सॅट प्रश्न.

युरोपातल्या ईडॉस प्रकल्पातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की पॅकेज बसवता येतं का हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे. म्हणजे सर्वात वाईट परिस्थितीत तो झटपट सोडवणारी पद्धत कुणालाही माहीत नाही. विद्यार्थी हे ऐकून हिरमुसतात, आणि मग मला त्यांना पुढचा, जास्त सुंदर भाग सांगता येतो: खऱ्या रेपोंमध्ये ती वाईट परिस्थिती सहसा येत नाही. बहुतेक पॅकेजांना पर्याय थोडे, कॉन्फ्लिक्ट त्याहून थोडे. त्यामुळे सॅट सॉल्व्हर हजारो पॅकेजांचा रेपो साध्या लॅपटॉपवरही चटकन तपासून देतात.

त्याच प्रकल्पातून आलेलं हत्यार म्हणजे डेबचेक. आज ते डोज३ संचात 'डोज-डेबचेक' नावाने मिळतं, ओकॅमल भाषेत लिहिलेलं आहे. त्याला पॅकेजेस फाइल द्यायची, 'फेल्युअर्स' आणि 'एक्सप्लेन' हे दोन पर्याय लावायचे. जे बसू शकत नाही त्याची यादी येते, कारणासकट. कारण दोनच प्रकारचं: एक तर साखळीत कुठेतरी काही गायब आहे, नाहीतर साखळीची दोन टोकं एकमेकांशी भिडतात. आणि ती साखळी मधल्या प्रत्येक कडीसह छापून येते. मला हे फार आवडतं, कारण "बसत नाही" एवढं सांगणाऱ्या यंत्रापेक्षा "का बसत नाही" हे सांगणारं यंत्र माणसाला कामाला लावतं.

---

कृष्णाकाठ — रविवार, सकाळी १०:३०

प्रमेय सर, अनुस्वार, दोघांचेही मनापासून आभार. डोज-डेबचेक चालवलं. दोन पॅकेजं अडली. दोन्ही अशी की नाव होतं पण हवी ती आवृत्ती नव्हती. जुन्या स्क्रिप्टला आवृत्त्या कळतच नव्हत्या.

एक शंका: ते प्रत्येक पॅकेज एकेकटं तपासतं ना? मला तर सगळी एका यंत्रावर एकत्र हवीत.

---

प्रमेय — रविवार, सकाळी ११:१०

अगदी योग्य शंका. हो, 'प्रत्येक बसू शकतं' यातून 'सगळी एकत्र बसू शकतात' असं निघत नाही. पण तुमच्याकडे मेटापॅकेज आहे, त्याने काम सोपं केलंय. शाळा-मूळच्या डिपेंड्समध्ये सगळी असतील तर शाळा-मूळ बसणं म्हणजेच सगळी एकत्र बसणं. त्या एका पॅकेजचा निकाल सर्वात महत्त्वाचा माना. (मेटापॅकेज नसतं तर डोजमध्येच एकत्र-बसणं तपासणारं वेगळं साधन आहे.)

---

सरळवाट — रविवार, दुपारी १:००

मी थोडा वेगळा सूर लावतो. एवढा खटाटोप कशासाठी? एक यंत्र नीट तयार करा, त्याच्या डिस्कची प्रतिमा काढा, बाकी सगळ्यांवर तीच ओता. अवलंबून राहण्याचा प्रश्नच संपला. आमच्याकडे ऑफिसात कंटेनर प्रतिमांचं हेच करतो.

---

सूक्ष्मयंत्र — रविवार, दुपारी ३:२०

सरळवाट, मी रोज प्रतिमाच बनवते (छोट्या नियंत्रक यंत्रांसाठी, पुण्यात), त्यामुळे तुमचं म्हणणं कळतं. पण ती प्रतिमा तयार करतानाही कुणीतरी डिपेंडन्सी सोडवतंच. तपासणी फक्त शाळेतून तुमच्या टेबलावर येते, जे चांगलंच आहे, पण ती संपत नाही. आणि सुरक्षेचं अपडेट आलं की दरवेळी पूर्ण प्रतिमा पुन्हा ओतायची? मुलांच्या फाइली असलेल्या यंत्रांवर?

कृष्णाकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहिते. 'इम्पॉर्टंट' करू नका. त्याने दोन गोष्टी होतात. एक म्हणजे, तुम्हाला हवा तो परिणाम मिळतच नाही. प्रायॉरिटी बघते ती डीबूटस्ट्रॅपसारखी पाया रचणारी साधनं, तीही अगदी सुरुवातीला, एकदाच. आधीच चालू असलेल्या यंत्रावर अपडेट करताना ॲप्ट (पॅकेजं आणून बसवणारं साधन) काही "हे इम्पॉर्टंट आहे, आणून बसवतो" असं करत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. वरच्या प्रायॉरिटीमुळे न लिहिलेली डिपेंडन्सी झाकली जाते. याचं ठसठशीत उदाहरण आरसिसलॉग, म्हणजे यंत्राच्या नोंदी सिसलॉग फाइलीत लिहिणारा लॉगर. ते वर्षानुवर्षं इम्पॉर्टंट होतं, म्हणजे जवळपास प्रत्येक डेबियन यंत्रावर असायचंच. त्यामुळे सिसलॉग फाइल वाचणाऱ्या असंख्य स्क्रिप्ट आणि पॅकेजं लिहिली गेली, ज्यांच्या डिपेंड्समध्ये लॉगरचं नावच नाही. लिहायची गरज कुणाला वाटली नाही, ते तर असतंच! मग डेबियन १२ मध्ये (१० जून २०२३) आरसिसलॉग ऑप्शनल झालं, कारण सिस्टमडीची (यंत्र सुरू करून सेवा चालवणाऱ्या प्रणालीची) जर्नल तेच काम करते. निर्णय अगदी योग्य होता. पण नव्याने बसवलेल्या यंत्रावर ती फाइलच नाही.

आमच्याकडे एका पुरवठादाराचं पॅकेज असंच गप्प पडलं. चूक दाखवत नव्हतं, फक्त नोंदी रिकाम्या यायच्या. कुठलाही डिपेंडन्सी तपासनीस हे पकडू शकत नाही, कारण तो जे लिहिलंय तेच वाचतो. जे लिहिलेलंच नाही ते तो कुठून वाचणार?

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: एखादं पॅकेज तुमच्या पॅकेजला लागत असेल तर ते डिपेंड्समध्ये लिहा, मग ते सगळीकडे असतं असं कितीही वाटो. अपवाद फक्त 'इसेन्शियल' (यंत्रावर कायम असायलाच हवीत अशी) खूण असलेल्या पॅकेजांचा, ती गृहीत धरायला पॉलिसीच परवानगी देते. इसेन्शियल आणि रिक्वायर्ड यांची मात्र गल्लत करू नका, वेगळ्या खुणा आहेत. तुमच्या नोंदी गोळा करणाऱ्या पॅकेजला काय लागतं ते बघा.

---

कृष्णाकाठ — रविवार, सायंकाळी ६:४५

सूक्ष्मयंत्र, आमचं पॅकेज जर्नलमधूनच वाचतं, त्यामुळे तिथे अडचण नाही. पण तुमचं लिहिणं वाचून विचारावंसं वाटतं: जे लिहिलेलंच नाही ते पकडायचं कसं?

---

सूक्ष्मयंत्र — रविवार, रात्री ८:१०

प्रत्यक्ष बसवून. जितक्या कमी गोष्टी असलेल्या यंत्रावर बसवाल तितकं जास्त उघड होतं.

मी एमएमडीबूटस्ट्रॅप वापरते, तेही पाया रचणारंच साधन. त्यात 'इसेन्शियल' किंवा 'ॲप्ट' हा प्रकार निवडला की अगदी उघडाबोडका डेबियन तयार होतो: इम्पॉर्टंट नाही, स्टँडर्ड नाही. त्याच्या आत तुमचं एकच पॅकेज बसवा आणि चालवून बघा. जे काही 'असतंच' म्हणून धरलं होतं ते तिथे नसतं. (डीबूटस्ट्रॅपपेक्षा हे मला पसंत, कारण डीबूटस्ट्रॅपचं स्वतःचं डिपेंडन्सीचं गणित कच्चं आहे, पर्यायांतला पहिलाच उचलतं. एमएमडीबूटस्ट्रॅप ते काम ॲप्टकडून करून घेतं.)

बसवणं, आधीच्या आवृत्तीवरून चढवणं, काढणं आणि काढल्यावर मागे काही उरलं का, हे सगळं आपोआप करायला पिउपार्ट्स आहे. डेबियन स्वतः आपला आर्काइव्ह त्यातून काढतं. पण पिउपार्ट्स पॅकेज बसलं की नाही एवढंच बघतं, चाललं की नाही ते नाही. त्यासाठी छोटी चाचणी तुम्हालाच लिहावी लागेल. कीबोर्डच्या पॅकेजसाठी एवढी पुरे: मांडणीची फाइल जागेवर आहे का आणि आयबसला (टंकनाच्या मांडण्या सांभाळणाऱ्या प्रणालीला) ती दिसते का.

---

नवी_पालवी — रविवार, रात्री ९:००

धागा फार आवडला, मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक प्रश्न. ॲप्टच्या प्रेफरन्सेस फाइलीत पण प्रायॉरिटी असते, ५००, ९९० वगैरे. ती आणि ही एकच का? आणि डोज-डेबचेक ती बघतं का?

---

अनुस्वार — रविवार, रात्री १०:२०

एक नाही, काहीच संबंध नाही. तिथला आकडा हे सांगतो की एकाच पॅकेजच्या अनेक आवृत्त्या समोर असतील तर ॲप्टने कुठल्या स्रोतातली घ्यावी. साधा स्रोत ५००, तुम्ही ठरवलेलं लक्ष्य रिलीज ९९०, यंत्रावर आधीच बसलेली आवृत्ती १००. बॅकपोर्ट्सही (जुन्या रिलीजसाठी बांधलेल्या नव्या आवृत्त्या) १०० वर असतात, म्हणून मागितल्याशिवाय येत नाहीत, पण एकदा घेतलेलं पॅकेज तिथूनच पुढे अपडेट होत राहतं. १००० किंवा त्यावर गेलात तर ॲप्ट मागची आवृत्तीही बसवायला तयार होतं. स्थानिक रेपोला उगाच १००१ देणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो: सुरक्षेची नवी आवृत्ती काढून रेपोतली जुनी बसण्याचा रस्ता तुम्ही स्वतः उघडता.

तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. नाही, डोज-डेबचेक हे आकडे बघत नाही. ते सांगतं की उत्तर *आहे*. ॲप्टला ते उत्तर *सापडेल* याची हमी देत नाही. ॲप्टचा जुना सॉल्व्हर सगळे पर्याय धुंडाळत नाही, एक वाट धरून पुढे जातो आणि अडला की मर्यादित डागडुजी करतो. ॲप्ट ३.० मध्ये (एप्रिल २०२५) नवा सॉल्व्हर आला आहे जो मागे फिरून दुसरी वाट घेऊ शकतो, पण शाळांत डेबियन १२ आहे, तिथे जुनाच.

म्हणून डोजनंतर आणखी एक पायरी हवी. शाळेतल्या यंत्रासारखं एक चेरूट (आपल्याच यंत्रावर वेगळ्या कप्प्यात ठेवलेली प्रणाली) ठेवायचं, त्यात स्थानिक रेपो जोडायचा आणि ॲप्टला संपूर्ण अपग्रेडचं नुसतं नाटक करायला सांगायचं, म्हणजे सिम्युलेट पर्याय. ॲप्ट काय काय *काढणार* आहे ती यादी वाचा. यंत्राला सांगा की काढायच्या यादीत एकही नाव आलं तर थांब आणि माणसाला बोलाव.

हे का म्हणतो ते बघ. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका लोकप्रिय तंत्रज्ञान वाहिनीवरच्या व्हिडिओत पॉप ओएसवर (ॲप्टच वापरणारी दुसरी लिनक्स प्रणाली) स्टीम (खेळांचं ॲप) बसवायला घेतलं. त्या वेळी रेपोत पॅकेजांचा मेळ बिघडलेला होता. ॲप्टला एकच उत्तर दिसलं: डेस्कटॉपच काढून टाकायचा. त्याने इशारा दिला, "हो, मी सांगतो तसं कर" हे इंग्रजी वाक्य जसंच्या तसं टाइप करायला लावलं, समोरच्याने ते केलं आणि यंत्र काळ्या पडद्यावर आलं. त्यानंतर ॲप्टमध्ये हा इशारा जास्त कडक केला गेला. पण खरी जागा आधीची होती. रेपो प्रकाशित होण्यापूर्वी बसवता-येतं-का ही तपासणी झाली असती तर तो क्षण आलाच नसता.

डेबियनमध्ये हे काम ब्रिटनी नावाची प्रणाली करते. अनस्टेबलमधून (नवी पॅकेजं आधी येतात ती शाखा) टेस्टिंगमध्ये (पुढचं रिलीज घडतं ती शाखा) जाताना पॅकेजला साधारण २, ५ किंवा १० दिवस थांबावं लागतं, तातडीप्रमाणे. पण दिवस भरले तरी ब्रिटनी विचारतेच: याला आत घेतलं तर आधीचं कुठलं पॅकेज बसेनासं होतं का? होत असेल तर दार बंद. १९९३ पासून चालत आलेल्या, आज जवळजवळ ७०,००० पॅकेजं असलेल्या प्रकल्पात टेस्टिंग सहसा वापरण्याजोगी राहते त्यात या एका प्रश्नाचा वाटा फार मोठा आहे.

---

सरळवाट — सोमवार, सकाळी ९:१५

बरंच शिकायला मिळतंय, माझा प्रतिमेचा आग्रह मागे घेतो. पण मनात एक भीती आहे. मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण (फाइली दाबून लहान करणाऱ्या या साधनाच्या लायब्ररीत कुणीतरी चोरदार लपवलं होतं) यातल्या कुठल्या तपासणीने पकडलं असतं?

---

प्रमेय — सोमवार, सकाळी १०:००

कुठल्याच नाही. तिथे डिपेंडन्सी खऱ्या होत्या, जुळत होत्या, सगळं बसत होतं. दार लायब्ररीच्या आतच लपवलेलं होतं. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच (दुरून यंत्रात शिरण्याची सोय) लॉगिन साधारण अर्ध्या सेकंदाने रेंगाळताना दिसलं आणि ते खोदत गेले. एका माणसाच्या चिकाटीने सापडलं.

तरी डिपेंडन्सीच्या आलेखाने तिथेही एक काम केलं. एसएसएच सर्व्हर स्वतः एक्सझेडची लायब्ररी वापरत नाही. डेबियन आणि इतर काहींनी त्याला सिस्टमडीला सूचना देण्यासाठी लिबसिस्टमडी जोडलं होतं, आणि लिबसिस्टमडीला लिबएलझेडएमए, म्हणजे एक्सझेडची लायब्ररी, लागत होतं. ही दोन उड्यांची वाट आलेखातून लगेच वाचता येते. कुणाची यंत्रं धोक्यात आहेत या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे लवकर मिळालं. डेबियनच्या स्टेबलमध्ये (सर्वांसाठीच्या पक्क्या रिलीजमध्ये) ती आवृत्ती पोचलेलीच नव्हती.

अवांतर: आता सिस्टमडी अशा लायब्ररी गरज पडेल तेव्हा चालू असताना उघडतं. धोका कमी होतो हे खरं. पण पॅकेज बांधताना लायब्ररींच्या डिपेंडन्सी आपोआप काढणारं साधन बायनरीत नोंदलेले दुवेच वाचतं, त्याला हे दुवे दिसत नाहीत. ते वेगळे नोंदवावे लागतात, बहुधा रेकमेंड्समध्ये (हवी, पण अनिवार्य नसलेल्या पॅकेजांच्या यादीत).

---

सूक्ष्मयंत्र — सोमवार, दुपारी १२:३०

रेकमेंड्सचं नाव निघालंच आहे तर कृष्णाकाठ यांच्यासाठी. डोज-डेबचेक रेकमेंड्स बघत नाही! आणि तुमच्या शाळांसाठी नेमकं तिथेच महत्त्वाचं दडलेलं असतं.

मराठी डेस्कटॉपचं टास्क पॅकेज (त्या कामाचा सगळा संच ओढून आणणारं) उघडून बघा. लिबरऑफिसचं मराठी भाषांतर, फायरफॉक्सचं मराठी भाषांतर, यांसारख्या गोष्टी रेकमेंड्सने जोडलेल्या असतात. टास्क पॅकेजांची पद्धतच ती, कारण एखादी गोष्ट तात्पुरती आर्काइव्हमधून गेली तर सगळं टास्क अडू नये. डेबियनसाठी ते बरोबर आहे. पण तुमच्या निवडक रेपोत लिबरऑफिसचं मराठी पॅकेज घ्यायचं राहिलं तर काय होईल? डोज गप्प, ॲप्ट गप्प. टास्क व्यवस्थित बसेल आणि मुलांसमोर मेनू इंग्रजीत उघडेल. लहान वर्गांसाठी हे अपयशच म्हणायचं.

शाळा-मूळच्या डिपेंड्समध्ये ही नावं स्वतः लिहा: लिबरऑफिस मराठी, फायरफॉक्स मराठी, लोहित देवनागरी फॉन्ट, आयबसचं एम१७एन इंजिन (मराठी टंकनासाठी). मग त्यातलं एक जरी रेपोत नसेल तर डोज शाळा-मूळवर बोट ठेवेल. तुम्हाला प्रायॉरिटी चढवून जे हवं होतं, ते असं मिळतं.

---

कृष्णाकाठ — सोमवार, रात्री ९:३०

आज शाळेनंतर तिघांनी बसून हे सगळं लावलं. सध्याचा क्रम असा: रेप्रेप्रोने रेपो तयार झाला की डोज-डेबचेक. एकही पॅकेज अडलं तर तिथेच थांबतं, कारण आम्हाला ईमेलने येतं. पुढे उघड्याबोडक्या चेरूटमध्ये आमची पॅकेजं एकेक करून पिउपार्ट्समधून. मग शाळेसारख्या चेरूटमध्ये अपग्रेडचं सिम्युलेशन, काढायच्या यादीत काहीही आलं तर थांब. प्रायॉरिटीची जुनी तपासणी काढून टाकली, आमची सगळी पॅकेजं ऑप्शनल. मराठीची नावं डिपेंड्समध्ये घातली आणि लगेच फळ मिळालं: फायरफॉक्सचं मराठी पॅकेज मागच्या अपडेटमध्ये फायरफॉक्सबरोबर पुढे सरकलंच नव्हतं. डोजने साखळी छापून दाखवली.

डोजला पार्श्वभूमी म्हणून वेगळी पॅकेजेस फाइल देता येते असं दिसलं. तिथे डेबियन १२ ची पूर्ण फाइल दिली तर चालेल ना? म्हणजे फक्त आमच्या पॅकेजांचा निकाल येईल आणि यादी आटोपशीर राहील.

---

अनुस्वार — सोमवार, रात्री १०:१०

ती सोय फार चांगली आहे, मी रोज वापरतो. पण तुमच्या बाबतीत डेबियनची पूर्ण फाइल पार्श्वभूमीला *देऊ नका*. ज्यांची यंत्रं डेबियनचा मिरर (आर्काइव्हची इंटरनेटवरची प्रत) बघू शकतात त्यांच्यासाठी ते आहे. तुमच्या शाळांना फक्त डिस्कवरचं दिसतं. पूर्ण डेबियन मागे ठेवलंत तर रेपोत नसलेलं प्रत्येक पॅकेज डोजला तिथे सापडेल आणि तो "सगळं ठीक" म्हणेल. ज्यासाठी धागा काढलात तेच निसटेल. डिस्कवर जे जातं तेवढंच द्या, अपग्रेडच्या चेरूटलाही तेवढाच स्रोत ठेवा.

आणि विचारायचं राहिलं: यंत्रं सगळी ६४-बिट आहेत का?

---

कृष्णाकाठ — सोमवार, रात्री १०:२५

नाही. दोन शाळांत देणगीत आलेली जुनी ३२-बिट यंत्रं आहेत, त्यांच्यासाठी आय३८६ ची पॅकेजं पण रेपोत आहेत.

---

अनुस्वार — सोमवार, रात्री १०:५०

मग प्रत्येक आर्किटेक्चरची पॅकेजेस फाइल वेगळी असते, डोज दोन्हींवर स्वतंत्र चालवा, चेरूटही दोन ठेवा. एकीकडे बसतं म्हणून दुसरीकडे बसेलच असं नाही: एखाद्या पॅकेजची नवी आवृत्ती एका आर्किटेक्चरसाठी रेपोत आली आणि दुसरीसाठी घ्यायची राहिली, की 'आर्किटेक्चर ऑल' असलेली पॅकेजं तिकडे अडकतात, कारण ती दोन्हीकडे एकच असतात आणि बऱ्याचदा नेमकी तीच नवी आवृत्ती मागतात.

ती ३२-बिट यंत्रं डेबियन १३ वर न्यायचा बेत असेल तर आत्ताच सांगतो, ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या त्या रिलीजमध्ये आय३८६ साठी इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही नाहीत. ती १२ वरच राहतील. त्यामुळे पुढच्या वर्षी बाकीची यंत्रं चढवाल तेव्हा रेपोत दोन रिलीज शेजारी-शेजारी ठेवा, आणि शाळा-मूळच्या दोन शाखा करा. फायरफॉक्स मराठीची आवृत्ती दोन्हीकडे वेगवेगळी तपासावी लागेल. रेप्रेप्रोची त्यासाठीची मांडणी हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडची पाठवतो.

---

कृष्णाकाठ — सोमवार, रात्री ११:०५

व्यनि केला आहे. आय३८६ वर डोज चालू करून ठेवलंय, निकाल उद्या सकाळी इथेच टाकतो.